कोरा न सोडलेला रकाना

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी मसुद्याचं पान चौसष्ट टेबलावर पालथं घातलं, उडू नये म्हणून त्यावर नमुन्याच्या पाण्याची बाटली ठेवली आणि मग खुर्चीत बसले.

"मी वाचलं. आता तू वाच. मोठ्याने."

विज्ञान खात्यातल्या कक्ष अधिकारी बाईंना ते पान पाठ होतं. तरी त्यांनी वाचलं. देशाचं नवं विज्ञान धोरण म्हणत होतं, की विहिरींचं पाणी तपासणारी ही प्रयोगशाळा संशोधन करत नाही, निव्वळ सेवा पुरवते. सबब ती वर्षअखेर बंद करून काम खासगी कंत्राटदाराला द्यावं.

"भीक नको, पण कुत्रं आवर," सर म्हणाले. "धोरण सुधारून द्यायला आले होते म्हणे."

परदेशी सल्लागार तीन आठवडे राहून गेले होते. माणसं वाईट नव्हती. पण त्यांच्याकडे एकच प्रश्नावली होती, साऱ्या देशांना तीच. शोधनिबंध किती? पेटंट किती? सरांच्या नावावर दोन्हीकडे भोपळा. अकरा हजार विहिरी तपासून, विष सापडेल तिच्या कठड्याला स्वतःच्या हाताने लाल रंग फासून येणारा माणूस निबंध लिहिणार कधी?

बाई याच प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली शिकलेल्या. खात्याने सल्लागारांच्या सोबतीला त्यांनाच दिलं होतं; ते भोपळे त्यांना बघवले नाहीत. प्रश्नावलीच्या तळाशी 'इतर सेवा' असा एक रकाना होता. बाकीच्या संस्थांनी तो कोरा सोडला होता. बाईंनी जेवणाची सुट्टी मोडून त्यात अकरा हजार नमुने सुवाच्य अक्षरात लिहिले, सरांना न विचारता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"समोरच्या इमारतीतल्या लेसरवाल्यांना नवं यंत्र मिळतंय," सर म्हणाले. "सहा वर्षांत त्यांनी कुलूप काढलं नाही."

"त्यांचे सगळे रकाने कोरे होते, सर. म्हणून त्यांना मदतीची गरज आहे, असं ठरलं."

"मग आपला कुणी भरला? मला तर कुणी विचारलं नाही. खात्यातल्या कुणी परस्पर भरला असेल, तर शिफारस रद्द होते. नियमच आहे तसा."

नियम बाईंना ठाऊक होता. परस्पर भरणाऱ्याची नोकरी जाते, हे त्याच नियमाच्या पुढच्या ओळीत होतं. घरी दोन मुलं शिकत होती, आणि नवऱ्याचं काम सुटून वर्ष झालं होतं. त्यांनी मसुद्याची उरलेली पानं टेबलावर आपटून सारखी केली, ती आधीच सारखी होती.

"सल्लागारांनीच भरला, सर. नोंदवह्या बघून."

सरांनी मान हलवली.

"मग इलाज नाही. तू त्यांच्याबरोबर होतीस म्हणून निदान आकडा तरी बरोबर गेला. नाहीतर आम्ही इतकी वर्षं काय केलं, ते कागदावरसुद्धा राहिलं नसतं."

बाई उठल्या. सर त्यांना दारापर्यंत सोडायला आले. विद्यार्थ्यांना सोडायला ते कधी येत नसत.

"आमच्यासाठी भांडलीस ना गं तिथे?"

"भांडले, सर."

"ठाऊक होतं मला," सर म्हणाले, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.