बिनपाण्याची कोरांटी

"हा बी गेला," म्हणत ईश्वरप्पाने गुलाबाचं रोप उपटलं. वाळक्या काडीसारखं ते अलगद हातात आलं.

केराबाईने डोक्यावरची घागर उतरवली आणि शेजारच्या रोपाला पाणी घातलं. तेही आठवडाभरात जाणार, हे तिला दिसतच होतं. एकतीस सालचा वैशाख होता. सोलापुरातल्या त्या मिलच्या कचेरीपुढे बारा वाफे होते आणि विहीर मात्र पार मागे, कापसाच्या वखारीपलीकडे. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चाळीसेक खेपा व्हायच्या. नवरा धुळा वारल्यावर ती मंगळवेढ्याकडून इथं आली, त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं हेच काम.

"हेडक्लार्क काय म्हनलं?" तिने विचारलं.

"फुडल्या उन्हाळ्यात वाफे असेच दिसले, तर पुण्यास्नं दुसरा माळी आणणार म्हणे. या वयात मी कुटं जाऊ, केरव्वा?"

ईश्वरप्पाची साठी उलटली होती. घरी बायको, काशम्मा. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

केराबाई चुंबळ झटकत म्हणाली, "मामा, आमच्या माळावर काटेकोरांटी असती. उन्हाळ्यात समदं करपतं, ती तेवढी हिरवी. मेंढरं तोंड लावत न्हाईत, पानी कुनी घालत न्हाय. अन् दिवाळीला बगा, पिवळीधमक."

"बेडा, बेडा! नको ते. रानातलं काटं सायबाच्या दारात?"

"गुलाबाला काय काटं न्हाईत व्हय?"

ईश्वरप्पाने हातातलं वाळकं रोप वाफ्याबाहेर फेकलं.

मृगाच्या सरी पडल्या तशी ती दोन दिवसांची रजा घेऊन भावाकडे, बिरप्पाकडे, गेली आणि ओल्या पोत्यात कोरांटीच्या काड्या भरून घेऊन आली. लावायचं काम ईश्वरप्पाचं. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या खाली तिरका काप घेऊन त्याने एकेक काडी अशी बसवली, जणू विलायती गुलाबच. श्रावणात कोंब फुटले. पाऊस उघडला तसा तो सवयीने तिच्याकडून दोन्ही वेळा पाणी घालून घेऊ लागला, आणि खालची पानं पिवळी पडली.

"लई पाजू नगा, मामा. मुळं कुजतील," केराबाई म्हणाली. "तहान लागू द्या तिला. मग जाईल की खाली पानी हुडकत."

पाणीवालीने माळ्याला शिकवावं हे त्याला रुचलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने भरली घागर तशीच परत पाठवली.

कार्तिकात बाराही वाफे पिवळे झाले. कचेरीत जाणारे कारकून थांबून बघू लागले. बहर संपल्यावर ईश्वरप्पाने झाडं निम्म्यावर छाटली आणि पुढचा चैत्र आला तेव्हा, बाहेरचं गवत पेटायच्या बेताला आलेलं असताना, वाफे हिरवे होते. केराबाईच्या खेपा चाळिसाच्या वीस झाल्या, विसाच्या चार. उरलेला वेळ ती लिंबाखाली बसून राही. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला सुचत नसे.

एका दुपारी ईश्वरप्पा तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"केरव्वा, तुझी घागर कोरडी हाय."

"दिसली व्हय तुमास्नी?"

"तुझं काम जाईल, हे तुला आदीच ठावं हुतं?"

"काड्या पोत्यात भरतानाच."

"मग आणलीस कशाला?"

"मरत्याच्या तोंडात पानी घालायचा कंटाळा आला हुता, मामा." आंधळ्या काशम्माचं नाव तिने काढलं नाही.

महिनाअखेरीस हेडक्लार्कने तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "बाग उत्तम झालीय. साहेब खूश आहेत," तो म्हणाला. "पण बाई, पाणीच लागत नाही, तर पाणीवाली कशाला?"

दाराशी उभ्या असलेल्या ईश्वरप्पाने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. "रावसाहेब, ही फुलं हिचीच. मी नुसती लावली."

"मग तर तिला हे आधीच कळायला हवं होतं," हेडक्लार्क म्हणाला आणि पुढचा कागद ओढला.

ईश्वरप्पाने रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला. केराबाईने ते पाहिलं. तिला राग आला नाही.

बाहेर आल्यावर तीच म्हणाली, "साळ्यांच्या पेठेत पाच घरं बोलून ठिवल्यात. सूत रंगवायला त्यांस्नी लई पानी लागतं."

ती वखारीमागे गेली, मिलची घागर विहिरीच्या काठावर पालथी घातली आणि चुंबळ कमरेला खोचली. वळून बघते तर ईश्वरप्पा मागोमाग आलेला. त्याने पोहरा आत सोडला. पाणी खोल गेलं होतं. ओढताना त्याला दम लागत होता, एक पाय काठाच्या दगडाला लावून तो ओढत होता. ती पुढे झाली तसा म्हणाला, "तू बस."

ती बसली. त्याने पोहरा उचलून तिच्या ओंजळीवर कलता केला. त्याला ती सवय नव्हती. निम्मं पाणी तिच्या कोपरांवरून ओघळलं, लुगडं भिजलं. या विहिरीचं पाणी आजवर तिला कुणी काढून दिलं नव्हतं.

"पुरं, मामा."

"पी."

पोहरा रिकामा होईपर्यंत ती पीत राहिली.