डाव्या बाजूची जागा

आवाज सरावाच्या मैदानाच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेला. वाळकी फांदी मोडावी तसा. चेंडू बाजूला घरंगळत गेला आणि कर्टिस ओल्सन गारठलेल्या गवतावर पाय धरून ओरडायला लागला. डोरियन प्रूइट त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला.

"मी चेंडूवरच गेलो होतो रे, कर्टिस. शपथ, चेंडूवरच."

तो चेंडूवरच गेला होता. पण आदल्याच दिवशी प्रशिक्षक ब्रँट त्याला सगळ्यांदेखत म्हणाले होते, "दोस्ताला जपत खेळायचं असेल तर डेटनला घरी परत जा. आईचा पदर धरून बस." तो रागही त्याच्या पायात उतरला होता.

डोरियन वीस वर्षांचा. व्यावसायिक फुटबॉलमधला त्याचा हा पहिलाच हंगाम. संघात डाव्या बचावपटूची जागा एकच, आणि ती कर्टिसची. तरी रोज सकाळी कर्टिसच त्याला आपल्या गाडीतून सरावाला न्यायचा, रविवारी घरी जेवायला बोलवायचा. "माझी जागा घ्यायचीय ना तुला? मग आधी नीट खा तरी," असं म्हणून हसायचा.

शनिवारी ती जागा डोरियनला मिळाली. तो चांगला खेळला. लोकांनी त्याच्या नावाचा गजर केला. आईचा फोन आला. ती आनंदाने रडत होती. कर्टिसचं काय झालं ते त्याने तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला. कर्टिसची बायको रेनाटा दारातच उभी होती.

"झोपलाय तो."

"कुठे झोपलोय? येऊ दे त्याला!" आतून कर्टिस ओरडला.

पाय लोखंडी सळ्यांत जखडलेला. त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न करत डोरियन उभा राहिला.

"सामना पाहिला," कर्टिस म्हणाला. "त्यांचा तो बुटका तुला सारखा आत ओढत होता. त्याला कडेच्या रेषेकडे रेटायचं. कितीदा सांगितलंय, पोरा?"

"कर्टिस, मला माफ..."

"ते नको. ते बोललास तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल."

रेनाटा खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. "आमच्या मुली विचारतात, आज रविवार, डोरियन जेवायला येणार ना," ती म्हणाली. "काय सांगू? तूच सांग."

 डोरियन निघून आला.

हाड नीट जुळलं नाही. उन्हाळ्यात क्लबने कर्टिसला करारातून मोकळं केलं. एका सामन्याच्या मध्यंतरात त्याचा निरोपाचा कार्यक्रम ठेवला. संघ तेव्हा आत, कपडे बदलायच्या खोलीत ब्रँटसमोर बसलेला. बाहेर भोंग्यावर कर्टिसचं नाव पुकारलं गेलं, तसा डोरियन उठला.

"कुठे निघालास?" ब्रँटनी विचारलं.

"बाहेर. कर्टिसला भेटायला."

"त्या दारातून गेलास तर तुझ्या जागी हॅस्किन्स उतरेल. आज आणि यापुढेही."

डोरियनने राखीव खेळाडू हॅस्किन्सकडे पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी आवळायलाही लागला होता.

डोरियन बाहेर पडला. निम्मे लोक खाण्यापिण्याच्या दुकानांकडे गेले होते. मैदानाच्या मधोमध जायला कर्टिस काठी टेकत एकटाच निघाला होता. डोरियन पळत त्याच्यापाशी पोचला.

"परत जा, गाढवा. सामना आहे तुझा."

"हॅस्किन्स खेळतोय."

कर्टिस थांबला. त्याने दाराकडे पाहिलं, मग डोरियनकडे. "हॅस्किन्सला डावा पायच नाही, सगळं उजव्यानेच मारतो," तो शेवटी पुटपुटला.

पुढचं पाऊल टाकताना त्याचा तोल गेला. डोरियनने हात पुढे केला.

"हात लावू नकोस. नुसता चाल."

कुठेकुठे टाळ्या वाजत होत्या. डोरियन, संघातला सगळ्यात वेगवान पोरगा, पाऊल टाकायचा, थांबायचा. शेजारची काठी गवतावर टेकली की मग पुढचं टाकायचा.