घरात रेंज कोणाची

डोंगरसिंग स्लॅबवर चढला, टेकडीवरच्या टॉवरकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, त्या लिंबानं अडवलं तुमचं काम."

फायबरची केबल फुलसावंगीच्या मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन थांबली होती. आमच्या गावात ती कधी येईल हे डोंगरसिंगलाही माहीत नव्हतं, आणि घरोघरी इंटरनेट लावून देणं हा त्याचा धंदा होता. त्याच्याकडे दुसरा उपाय म्हणजे छतावर लहानशी डिश. पण डिशला टॉवर थेट दिसावा लागतो, आणि मधे मातामाय देवीचा कडुलिंब उभा होता.

"दोन फांद्या छाटल्या तर?" मी विचारलं.

"मातामायचा लिंब हाय थो," बाबा खालून अंगणातून म्हणाले. "त्याले कोणी कुऱ्हाड लावत नाई."

"मी कुठं लावतो म्हटलं काकाजी? मलेबी लेकरंबाळं हाय."

आई दसऱ्याच्या आधी गेली. पुण्याच्या माझ्या ऑफिसने गावातून काम करायची परवानगी एका अटीवर दिली होती. बुधवारी परदेशातल्या ग्राहकाला आमचं नवं काम मी ऑनलाइन समजावून सांगायचं होतं. ते मधे न तुटता पार पडलं तर मी बाबांजवळ राहू शकत होते. तुटलं तर पुण्याला परत. बाबा पुण्याला येणार नव्हते. तसं त्यांनी एकदाच सांगितलं होतं आणि मग तो विषय काढला नव्हता. मी गेले की या घरात ते एकटे, एवढं सरळ होतं.

मला काय वाटत होतं ते सांगता आलं नसतं. जेवण जात होतं. झोप लागत होती. लोक भेटायला येऊन रडत, तेव्हा मी त्यांना पाणी आणून देत होते. डिश घ्यायची की आणखी काही, हा एकच प्रश्न त्या दिवसांत मला नीट समजत होता.

"मंग सिमचं राउटर घ्या," डोंगरसिंग खाली उतरत म्हणाला. "सिम टाकलं का चालू. फकत घरात रेंज कोणाची येते थे पाहा. तुमच्या मोबाइलले येते?"

"दारात उभं राहिलं तर."

"काकाजी, तुमच्याले?"

"माह्याले नावालेच हाय." बाबांनी दारातून आत पाहिलं. "तिच्याले ये. चुलीपाशी बसून बोले."

"मंग आणा न थो मोबाइल."

मी म्हटलं, "बोलावते."

मोबाइल इंदूकाकूंकडे होता. आई अहेव, बाबांच्या आधी गेली, म्हणून तेरवीला तिच्याच वयाच्या एका अहेव बाईला जेवायला बसवून आईच्या वस्तू द्यायच्या होत्या. शेजारच्या इंदूकाकू बसल्या. आत्याने साडी, चपला, छत्री आणि आईची पर्स त्यांच्या ओटीत घातली. पर्समध्ये मोबाइल होता, सिमसकट. कोणी उघडून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी काकू तो परत घेऊन आल्या, तर बाबा म्हणाले, तेरवीचं दिलेलं वापस घेत नाई. तेव्हापासून काकूंचा फोन आला की माझ्या स्क्रीनवर 'आई' येतं. मी उचलते.

काकू आल्या. डोंगरसिंगने त्यांना चुलीपाशी बसवलं.

"काहून रे, मले फोटो काढाले बसवून राह्यला का?"

"हलू नका फकत काकू. रेंज पाहून राह्यलो."

मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला, हॉटस्पॉट चालू केला आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. पासवर्ड आठवायला लागले, पण लॅपटॉपने विचारलाच नाही. मागच्या उन्हाळ्यात मी याच जागी बसून काम केलं होतं. ते त्याच्या लक्षात होतं. 'विजयमाला', स्क्रीनवर आलं. 'जोडलेले.'

ते नाव आईनेच द्यायला लावलं होतं. माह्या मोबाइलले दुसऱ्याचं नाव कायले, म्हणाली होती.

"हे विजयमाला कोण?" डोंगरसिंगने वाकून विचारलं. मग त्याने बाबांकडे पाहिलं आणि घाईने म्हणाला, "चांगलं चालून राह्यलं ताई. हेच सिम घ्या."

म्हणजे त्या कंपनीचं नवं सिम. दुसऱ्या दिवशी त्याने ते राउटरमध्ये घालून राउटर चुलीवरच्या फळीवर, डाळीच्या डब्याशेजारी ठेवलं.

"नाव काय टाकू?"

"काहीही टाक."

त्याने स्वतःचं टाकलं. 'डोंगरसिंग'ने मात्र पासवर्ड विचारला.

बुधवारी दुपारी इंदूकाकू आंबाडीची भाजी घेऊन आल्या. "नयन, ह्या मोबाइलले काय झालं पाह्य व. लय गरम होते, चार्जिंग टिकतच नाई."

"काम झालं की बघते काकू. इथंच बसा."

त्या ओसरीवर बाबांजवळ बसल्या. मी आतून दार लोटून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. अर्धं झालं असेल तेव्हा लाईन गेली. पंखा थांबला. फळीवरचे राउटरचे दिवे विझले. लॅपटॉपवर माणसांचे चेहरे जागच्या जागी थिजले आणि मी अर्ध्या वाक्यावर थांबले. बाहेर बाबा म्हणाले, "गेली." काकूंनी विचारलं, "मंग पोरीचं कसं?"



मग चेहरे हलले. समोरच्या बाईने विचारलं, माझा आवाज येतोय का. मी येतोय म्हटलं आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कोपऱ्यात 'डोंगरसिंग'च्या जागी कोणतं नाव आलंय ते मला दिसत होतं. मी शेवटपर्यंत तिकडे पाहत पाहत बोलले. कुठेही तुटलं नाही.

संपल्यावर मी ओसरीवर गेले. बाबांनी मान वर केली.

"झालं," मी म्हटलं. "राहते मी."

ते उठले आणि चहा मांडायला आत गेले.

मी काकूंच्या हातातून मोबाइल घेतला. त्या दिवशी चालू केलेला हॉटस्पॉट कोणी बंदच केला नव्हता. मोबाइल गरम होता, आईच्या हातात बराच वेळ राहून व्हायचा तसा. राउटरला बॅटरी लावून घ्यायला डोंगरसिंगला सांगावं लागणार होतं.

"काय बिघडलं त्याचं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. एक गोष्ट चालू राहिली होती."

मी ती बंद केली. आत उघड्या लॅपटॉपवर ते नाव थोडा वेळ दिसलं असेल. मी बघायला गेले नाही.

"आता टिकन न चार्जिंग?"

"टिकेल," मी म्हटलं आणि मोबाइल त्यांच्या हातात परत दिला.