टोमॅटोवर ताणलेली वाघर

मित्रांनो, कोणी मला भंगार म्हटले तर ऐकून घेऊ नका. मी वाघर आहे. रानात मेंढ्या बसवताना त्यांच्याभोवती मेखा ठोकून जी जाळी उभी करतात, ती मी. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावी जोतीराम आबांनी मला सुती दोरीने विणले. माझी भोके चार बोटे रुंद आहेत. त्यांतून मेंढीचे तोंड बाहेर जात नाही आणि लांडग्याचे आत येत नाही.

बावीस वर्षे मी कळपाबरोबर फिरले. एकदा लांडग्याने माझ्यावर झेप घेतली. माझ्या चार गाठी तुटल्या, पण मेंढी एकही गेली नाही. "गडीमाणूस बी एवढा टिकला नसता," असे आबा सगळ्यांना सांगत सुटले. पुढे चराईची राने कमी झाली, ऊस वाढला आणि आबांनी कळप विकला. त्यांचा मुलगा सूरज लोणी देवकरला कारखान्यात कामाला जाऊ लागला. मला गोठ्यात आढ्याला टांगले. सहा वर्षे मी तिथे उंदरांशी भांडत होते.

यंदाच्या उन्हाळ्यात सूरजची बायको मनिषा हिने घरामागच्या तुकड्यात टोमॅटोची साठ रोपे लावली. बाकीच्या शेतात काय लावायचे ते सूरज ठरवी. हा तुकडा तेवढा मनिषाचा होता. पण गेल्या वर्षी तिची सगळी भाजी करपली होती, म्हणून सूरजने बजावले होते, "यंदा बी जळालं तर हितं ऊस. परत भाजीचं नाव काढायचं न्हाय."

एप्रिलमध्ये पारा बेचाळीसवर गेला. फळे अजून हिरवी होती. ऊन लागून लवकर पिकावीत म्हणून मनिषाने त्यांच्यावरची पाने खुडून टाकली. चौथ्या दिवशी फळांवर पांढरे, कागदासारखे डाग उमटले. पण गंमत अशी, की डाग फक्त पश्चिमेच्या बाजूला होते.

"आबा, रोग पडला वो," मनिषा रडवेली होऊन म्हणाली.

आबांनी एक फळ सगळीकडून फिरवून पाहिले. "रोगाला दिशा कळती व्हय गं? दुपारच्या उन्हानं भाजलंय हे. मेंढरं बघितलीस न्हवं? उन्हाची एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून हुबी ऱ्हात्यात. फळाला पानाची तशीच सावली लागती. तू सावलीच खुडलीस की!"

मग आबांनी मला खाली उतरवले. सहा वर्षांनी मला उजेड दिसला. आणि आबांनी काय केले? जन्मभराच्या सवयीने टोमॅटोभोवती मेखा ठोकल्या आणि मला कुंपणासारखी उभी केली, जणू रोपे उठून पळणार होती! ऊन माझ्या डोक्यावरून सरळ आत शिरत होते. मला इतका राग आला, पण मला तोंड नाही.

संध्याकाळी सूरज कामावरून आला आणि हसतच सुटला. "आबा, टोमॅटो कोंडलं व्हय? चरायला कवा सोडणार?"

"गप ए. लहानपणी तुला बी हिच्यातच कोंडत हुतो, तवा लई गुमान बसायचास."

मनिषा मात्र हसली नाही. "आबा, ऊन काय लांडगा हाय का, भुईवरनं यायला? वर ताणूया हिला."

दुसऱ्या दिवशी तिने बांबू रोवले आणि मला रोपांच्या दोन हात वर ताणले. पश्चिमेची कड खाली उतरती ठेवली. भोकांतून ऊन गळू नये म्हणून माझ्यावर उसाचे पाचट, म्हणजे वाळलेली पाने, टाकली. पहिल्यांदा तिने इतके पाचट टाकले की खाली अंधारच झाला. आठ दिवसांत रोपे उंच, फिकी आणि लुळी झाली. मग तिने निम्मे पाचट काढले. जमिनीवर थोडे ऊन, थोडी सावली अशी नक्षी दिसेपर्यंत ती काढत राहिली. बाजू मोकळ्याच ठेवल्या, म्हणजे गरम हवा आत कोंडत नाही. हळूहळू नवी पाने फुटली. त्यांच्याखालच्या फळांवर डाग पडले नाहीत.

मे महिन्यात एका दुपारी मोठी वावटळ आली. दोन बांबू कडाडून मोडले. पाचट उडाले. माझ्या गाठी पटापट तुटू लागल्या. मनिषा माझी कड धरून लोंबकळत होती. सूरजला त्या दिवशी सुटी होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "गेलं आता."

"गेलं न्हाय!" मनिषा ओरडली. "बघत काय हुबं ऱ्हायलाय? धरा की वो!"

सूरज धावला. त्याने दुसरी कड पकडली. वारा मला ओढत होता आणि मी सुटत नव्हते. लांडग्याला मी हरले नाही, वाऱ्याला काय हरणार? वावटळ गेल्यावर आबांनी सूरजला शेजारी बसवून गाठ मारायला शिकवले. साठांपैकी एकोणीस रोपे गेली. एक्केचाळीस उभी राहिली.

महिनाअखेरीस उसाच्या नांगरटीला बिरू ट्रॅक्टर घेऊन आला. घरामागे बोट दाखवून त्याने विचारले, "सूरजदादा, ह्यो तुकडा बी घ्यायचा न्हवं?"

मनिषा टोमॅटो तोडता तोडता थांबली.

"त्यो सोडून," सूरज म्हणाला. "तितलं मला इचारू नगंस. तिला इचार."

मित्रांनो, उन्हाला भिऊन भाजी लावणे सोडू नका. फळावरची पाने खुडू नका, सावली वर धरा, बाजूंनी वारा खेळू द्या. आणि एखादी जुनी जाळी सापडली, तर फेकण्याआधी तिच्या तुटलेल्या गाठी बांधून पाहा. माझ्या अंगावर आता सूरजच्या अकरा गाठी आहेत. त्या वेड्यावाकड्या आहेत, पण एकही सुटलेली नाही. पुढचा उन्हाळा येऊ दे, मी ताणलेलीच आहे.