मसूदच्या पायांना लागलेली नजर

ये, टेक जरा. चहा घे आणि ऐक. घोड्याच्या पायांची अशी गोष्ट सांगतो, की तू घरी जाऊन सांगशील आणि तुला कुणी खरं मानणार नाही.

तो मसूद. हो, आमच्या झोपायच्या खोलीत बांधलाय. मी आणि बायको गोठ्यात झोपतो.

परवावर पिराचा उरूस आलाय. आमच्या गावचे स्वार एका रांगेत घोडे सोडतात आणि शेवटी सगळ्या बंदुकांचा मिळून एकच बार निघाला पाहिजे. तुटक निघाला की बायका वर्षभर हसतात. त्या रांगेत म्होरक्याच्या उजव्या हाताची जागा माझी, माझ्याआधी बापाची. आणि ऐन वेळेला मसूदचे मागचे दोन्ही पाय सुजले! मार नाही, काटा नाही, लंगडणं नाही. नुसते भोपळे.

म्होरक्या तैबी बघून गेला. म्हणाला, "बुशाइब, हे पाय आहेत का उशा? उरसापर्यंत उतरले नाहीत, तर तुझी जागा लार्बीला."

लार्बी म्हणजे माझा मेहुणा. बंदूक वाजली की त्याचा घोडा खाली बसतो!

बायको, रकिया, म्हणाली, "नजर लागलीय. आठवा, कुणी वाखाणला?"

आठवलं. पलीकडच्या गावचा अल्लाल! चार लोकांत म्हणाला होता, "काय पाय आहेत रे घोड्याचे!" आणि पुढं 'तबारकल्ला' म्हणलाच नाही. कौतुक केलं की देवाच्या नावाचा तो शब्द म्हणायचाच. नाहीतर कौतुक जाऊन चिकटतं.

म्हणून मसूदला खोलीत घेतला, दाराला पडदा लावला. सूज वाढली. हरमलच्या बियांची धुरी दिली, पायांना मेंदी लावली. घोडा नवरीच्या आत्यासारखा दिसायला लागला, पण सूज तिथंच.

मग गुरांचा डॉक्टर आणला. त्यानं पाय दाबले आणि हसला. "बाबा, हा उभा राहून राहून सुजलाय. रोज फिरवा."

"फिरवू? सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोरून?"

"हो."

"डॉक्टरसाहेब, तुमची आई आजारी पडली तर तिला बाजारात मिरवता का?"

बिचारा चहा पिऊन गेला.

अल्लालला निरोप धाडला, की येऊन तो शब्द म्हण. त्याचं उत्तर आलं, "गरज तुला, घोडा तू आण." काय करतो! मसूदवर खुरांपर्यंत घोंगडी टाकली आणि रकिया नि मी त्याला घेऊन निघालो. नदी उतरलो, टेकडी चढलो, घामानं निथळलो. अल्लाल दारात भाकरी आणि जैतून खात बसलेला.

"कुठल्या पायाला म्हणू?"

"दोन्ही."

घोंगडी उचलली, तर पाय बारीक! हरणासारखे!

अल्लालचा घास हातातच राहिला. "अरे, मी अजून म्हणलोच नाही."

रकिया म्हणाली, "मनात आणलंत ना, अल्लालसाहेब? तेवढ्यानं झालं."

घरी आणून परत पडद्याआड बांधला. सकाळी बघतो तर उशा. परत अल्लालकडं. तिथं पोचेपर्यंत उतरलेले. असं रोज चाललं. अल्लाल तर स्वतःलाच घाबरायला लागला. कोंबडीकडं बघतानाही तोंडावर हात ठेवायचा. शेवटी ओरडला, "तुझ्या घोड्यासाठी मी म्हातारपणी दारात बसून राहू काय?" आणि गेला निघून साफी बंदराला, मुलीकडं.

आता पाय परत सुजलेत आणि म्होरक्या उद्या संध्याकाळी बघायला येणार. लार्बी सकाळपासून माझ्या दारावरून तीनदा शीळ घालत गेला.

मीच गेलो असतो साफीला. पण घोड्याजवळ राखणीला बसून बसून माझेही पाय सुजलेत. हसू नकोस. रकिया विचारतेय, "तुमच्या पायांचं कौतुक कुणी केलं?" बायकोला काय सांगू? या पायांचं कौतुक कुणी करेल का, तूच सांग.

तू साफीलाच चाललायस ना, पायी? मग हा लगाम धर. वर बसू नकोस, चालवतच ने. मासळी बाजाराच्या मागं अल्लालच्या मुलीचं घर आहे. त्याच्यापुढं मसूदला नुसता उभा कर आणि उद्या ऊन उतरायच्या आत परत आण. एवढं करशील ना रे, भावा?