चेरीवरची फुलं

नेरूळच्या घरात सगळं सामान वैदेहीच्या लग्नाआधीच येऊन बसलं होतं. लेकीसाठी, नंदिनीसाठी, बुटकं टेबल करायचं ठरलं, तेव्हा वैदेहीनं पहिल्यांदाच स्वतःच्या पसंतीचं लाकूड निवडलं. चेरी.

"केकवर असते तीच ना?" सासूबाईंनी, जयमालाबाईंनी, विचारलं. त्यांचं मत सागवानाला होतं.

घणसोली गावात शहाजी मिस्त्रींच्या दुकानात पाहिलेला चेरीचा तुकडा छान तांबूस होता. टेबल मात्र घरी आलं ते फिकट गुलाबी. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं.

"अशक्तपणा आलाय का गं त्याला?"

वैदेहीनं मिस्त्रींना फोन लावला.

"ताई, तुमी बघितला त्यो तुकडा दोन वरसं खिडकीत पडलाय. चेरी गोरीच असती. उन्हात ठेवा, आपसूक रंगंल. वरनं रंग नका लावू, डाग पडत्यात."

टेबल खिडकीशी गेलं. "आमच्याकडे सध्या टेबल वाळत घातलंय," सासूबाई सोसायटीभर सांगत सुटल्या. वैदेही हसायची, पण आतून वाटायचं, एकदा तरी यांनी 'बरं आहे' म्हणावं.

मग ती लेकीला घेऊन तीन आठवडे माहेरी गेली. परतली तशी पायातल्या चपलांसकट खिडकीशी धावली. टेबलावर क्रोशाचा पांढरा रुमाल, कडक इस्त्रीचा.

"उन्हानं खराब झालं असतं, म्हणून झाकलं," सासूबाई म्हणाल्या. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, या घरात त्यांच्या रुमालाविना काही राहत नसे.

वैदेहीनं रुमाल उचलला. कडेनं लाकूड मस्त तांबूस झालं होतं. मधोमध मात्र रुमालाची फुलं जशीच्या तशी, फिकट.

"आई, अहो..."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच मिस्त्रींना बोलावलं. "घासून काढा हो, माझ्यामुळे बिघडलं तिचं."

"घासायचं कशाला, काकू? उघडं ठिवा. दोन-चार म्हैन्यात ऊन सारं येकसारखं करंल."

वैदेहीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर टेबल खिडकीपासून लांब, हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. नंदिनी त्याला धरून उभी, फुलांवर बोट फिरवत.

"आई, इथे ऊन येत नाही," वैदेही सासूबाईंना म्हणाली.

"म्हणूनच. थोडे दिवस राहू दे की ती फुलं."

"म्हणजे आवडलं तुम्हाला माझं टेबल?"

"लाकडातलं मला काय कळतंय," असं म्हणत सासूबाईंनी वैदेहीचा चहाचा कप टेबलावरून उचलून तिच्या हातात दिला. "आणि ओलं काही ठेवत जाऊ नकोस गं. चेरी आहे ती."