गोगलगायीच्या गतीनं

पान पुन्हा अंड्यांपाशीच तुटलं. फुमियो इगाराशींनी ते फॅक्सच्या यंत्रातून ओढून काढलं आणि टेलिफोन कंपनीच्या त्सुनोदांसमोर धरलं. बालवाडीच्या क्रीडामेळ्याचे ऐंशी डबे, हे वर ठसठशीत आलं होतं. खाली 'अंडी चालत नाहीत अशी मुलं' एवढंच होतं. पुढे नावांचा पत्ता नव्हता.

फुमियोबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांचं डब्यांचं दुकान तीस वर्षं फॅक्सवर चाललंय. आमच्या गावात फॅक्स केला की लगेच फोन करून "पोचला ना?" विचारायची रीत आहे. बाईंना फोन कसला करणार? म्हणून त्या आलेल्या पानावर 'मिळालं' असा शिक्का मारतात, कोपऱ्यात त्या दिवसाच्या भाजीचं चित्र काढतात आणि पान परत पाठवतात. काही जण तर त्या चित्रासाठीच डबा मागवतात. गेल्या आठवड्यात दुकानाची जुनी तार जाऊन इंटरनेटची लाइन आली आणि पानं अर्ध्यावर मान टाकू लागली.

"तीनच्या आत अख्खं पान आलं नाही तर डबे दुसरीकडून घेणार आहेत," बाईंची नणंद मित्सुए म्हणाली. दुकानाचं बोलणं तीच सांभाळते. "अंड्याची ॲलर्जी आहे, पोरांच्या जिवाशी खेळ नको म्हणतात. त्यांचंही बरोबरच आहे."

तेवढ्यात त्सुनोदांना साहेबांचा फोन आला. साहेब त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. बाकीचे चार घरं उरकतात तेव्हा तुमचं एक होतं, असं म्हणून त्यांनी बाईंना मोबाईल घ्यायला सांगून मोकळं व्हायचा सल्ला दिला. त्सुनोदा हो हो म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. मग त्यांनी बाईंची वही ओढून लिहिलं, 'नवी लाइन पानाचे तुकडे करून पाठवते. यंत्राला घाई फार. एक तुकडा हरवला की ते पानच सोडून देतं. त्याला हळू करू.'

'किती हळू?' बाईंनी लिहिलं.

'ऑफिसात मला गोगलगाय म्हणतात. तितकं.'

बाई खो खो हसल्या. आपलं हसू किती मोठं आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि ते कुणी त्यांना सांगूही नये.

त्सुनोदांनी यंत्राचा वेग एक तृतीयांशावर आणला. मित्सुएनं बालवाडीला पान पुन्हा पाठवायला सांगितलं. कागद मुंगीच्या पावलांनी बाहेर येऊ लागला.

"अहो, एवढ्यात भात शिजेल," मित्सुए म्हणाली.

"शिजू दे."

अंड्यांची ओळ आली. मग नोनोका आली, रित्सु आला, एकामागून एक सातही मुलं आली आणि शेवटी तळाची सहीसुद्धा. मित्सुएचा जीव भांड्यात पडला. त्सुनोदांचा नाही. एकदा पोचलं म्हणजे रोज पोचेल असं नसतं, असं म्हणत त्यांनी तेच पान आणखी तीनदा मागवलं. बाईंनी शिक्का मारला, गाजर काढलं आणि पान परत पाठवलं.

संध्याकाळी ऑफिस सुटताना कोपऱ्यातला फॅक्स अचानक खुरखुरला. वर्षभरात त्याला कुणी हात लावला नव्हता. साहेबांसकट सगळे थांबून बघत राहिले. पानावर एक गोगलगाय होती, तिच्या पाठीवर शंखाऐवजी डबा. खाली लिहिलं होतं, 'उद्याचा डबा तुमचा. अंडं चालतं ना?'

त्सुनोदांनी खाली 'चालतं' लिहून पान परत लावलं. ते शेवटपर्यंत गेल्यावर सवयीनं फोन उचलला, मग हसून खाली ठेवला. सगळे घरी गेले. त्सुनोदा खुर्ची ओढून शिक्क्याची वाट बघत बसले.